हॅमट्रॅमिकमधले गोरे कोण?

2010 च्या अमेरिकन जनगणनेत मिशिगन राज्यातल्या हॅमट्रॅमिक शहराची लोकसंख्या 22,423 भरली. त्यात गोरे 53.6 टक्के, आशियाई 21.5 टक्के, कृष्णवर्णीय 19.3 टक्के आणि उरलेले बहुतेक एकाहून जास्त वंश सांगणारे. गाव न बघता नुसता हा तक्ता वाचला तर वाटतं, युरोपीय वंशाच्या लोकांचं जुनं औद्योगिक गाव असेल, अलीकडे थोडे आशियाई येऊन राहिले असतील. प्रत्यक्षात त्या 53.6 टक्क्यांत पोलंडहून आलेल्यांची नातवंडं, युक्रेनियन, अल्बेनियन, युद्धातून जीव वाचवून आलेले बोस्नियन आणि येमेनहून आलेली अरब कुटुंबं एकाच ओळीत बसवली आहेत.

तक्ता खोटा नाही, नियमाला धरूनच आहे. युरोप, मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका यांपैकी कुठलंही मूळ असलेला माणूस अमेरिकन सरकारच्या 2024 पर्यंतच्या व्याख्येनुसार ‘गोरा’. केंद्र सरकारच्या अर्थसंकल्प आणि व्यवस्थापन कार्यालयाने 1977 मध्ये सगळ्या खात्यांसाठी वंशांची वर्गवारी ठरवून दिली. 1997 मध्ये तिच्यात फेरफार झाले, पण ‘गोरे’ या गटाची व्याख्या तशीच राहिली. त्यामुळे येमेनच्या सनाहून आलेला आणि पोलंडच्या क्राकोहून आलेला, दोघंही कागदावर एकाच वंशाचे. कागदावरचा हा रकाना कुणाला काय देतो आणि कुणाचं काय हुकवतो, हे हॅमट्रॅमिकमध्ये इतकं उघड दिसतं, की या विषयासाठी मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

कारखान्याने वसवलेलं गाव

हॅमट्रॅमिकचं क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस मैल. जवळपास चहूबाजूंनी डेट्रॉइट, पश्चिमेला थोडीशी हद्द हायलंड पार्कला लागलेली. 1910 मध्ये इथे 3,559 माणसं राहत होती. त्याच सुमाराला डॉज बंधूंनी इथे मोटारींचा कारखाना उभारला आणि 1920 च्या जनगणनेत आकडा 48,615 वर गेला. दहा वर्षांत तेरापटीहून जास्त! आलेल्यांत बहुसंख्य पोलिश. 1922 मध्ये हॅमट्रॅमिकला शहराचा दर्जा मिळाला. पहिला महापौर पीटर जेझेव्स्की पोलिश वंशाचा होता आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं त्या खुर्चीवर पोलिश वंशाचाच माणूस बसत आला. 1930 मध्ये लोकसंख्या 56,268 झाली. दोन चौरस मैलांत छप्पन्न हजार, तेही उंच इमारती नसताना. अरुंद प्लॉटवर एकमेकांना खेटून उभी असलेली दुमजली लाकडी घरं, खाली मालक आणि वर भाडेकरू, अशी ही वस्ती होती. ती घरं आजही आहेत, आणि पुढची सगळी गोष्ट त्यांच्याच भाड्यावर उभी आहे.

पोलिश हॅमट्रॅमिक अजून पुसलेलं नाही. सेंट फ्लोरियन चर्चचा मनोरा दुरून दिसतो. लेंट या ख्रिस्ती उपासकाळाआधीच्या मंगळवारी पोंच्की, म्हणजे आत मुरंबा किंवा क्रीम भरलेले तळलेले गोड गोळे, घ्यायला बेकऱ्यांपुढे पहाटेपासून रांगा लागतात. कारोल वोयतिवा कार्डिनल असताना या गावात येऊन गेले होते, आणि पोप जॉन पॉल दुसरे म्हणून 1987 मध्ये पुन्हा आले. जोसेफ कँपाउ या मुख्य रस्त्यावर त्यांच्या नावाच्या छोट्या बागेत त्यांचा पुतळा आहे.

जानेवारी 1980 मध्ये डॉज मेन, म्हणजे डॉज बंधूंचा तो कारखाना, बंद पडला. ज्याच्यासाठी गाव वसलं तोच गेला. तरुण पोलिश कुटुंबं आधीपासूनच उपनगरांकडे निघाली होती. 1990 मध्ये शहरात 18,372 लोक उरले. घरं रिकामी आणि भाडी पडलेली. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातून बांगलादेशी कुटुंबं इकडे यायला लागली ती याच कारणाने. न्यूयॉर्कमध्ये एका खोलीला जे भाडं मोजावं लागे त्यात इथे अख्खं घर मिळत होतं, आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत इंग्रजी फारसं न येणाऱ्यालाही काम होतं. यातले बरेचसे बांगलादेशातल्या सिल्हेटचे. एक आला की तो भावाला बोलावणार, भाऊ मेहुण्याला, आणि मेहुणा गावाकडच्या शेजाऱ्याला. कोनंट अव्हेन्यूवर बंगाली पाट्या, साड्यांची दुकानं, मिठाई आणि मासळीवाले दिसू लागले. 2008 मध्ये त्या रस्त्याच्या एका टप्प्याला ‘बांगलादेश अव्हेन्यू’ हे मानाचं नाव मिळालं. 2000 मध्ये शहरात आशियाई सुमारे दहा टक्के होते, ते 2010 मध्ये दुपटीवर गेले.

येमेनी मात्र त्यांच्या आधीचे. डॉज मेन चालू होता तेव्हापासून त्याच्या असेंब्ली लाइनवर अरब कामगार होते. नोव्हेंबर 1973 मध्ये त्यांनी काम थांबवून कारखान्याचं उत्पादन अडवलं होतं, कारण त्यांच्याच वर्गणीवर चालणाऱ्या मोटार कामगार संघटनेने इस्रायलचे कर्जरोखे विकत घेतले होते. ही माणसं गावात होती, कारखान्यात होती, संपात होती. जनगणनेच्या तक्त्यात मात्र त्यांना शोधायला जागा नव्हती.

मोजले गेले, पण राहू दिले नाहीत

येमेनींच्या उलट हॅमट्रॅमिकचे कृष्णवर्णीय रहिवासी. त्यांना अमेरिकन जनगणनेने कायम वेगळं मोजलं. पण नुसतं वेगळं मोजलं गेल्याने न्याय मिळतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी या लोकांचं काय झालं ते वाचावं.

साठच्या दशकात केंद्र सरकारच्या पैशाने ‘शहर नूतनीकरण’ चाललं होतं. जुनाट वस्त्या पाडायच्या आणि जागा नव्याने वापरायच्या. हॅमट्रॅमिकमध्ये ज्या वस्त्यांवर बुलडोझर फिरले त्या बहुतांशी कृष्णवर्णीयांच्या निघाल्या. ग्रँड हेवन-डायर हा त्यातला एक भाग. हलवलेल्यांना शहरात पर्यायी घरं दिली नाहीत. डेट्रॉइट चहूकडे होतंच, आणि बहुतेकांना तिकडे जावं लागलं. 1968 मध्ये सारा सिम्स गॅरेट आणि इतर रहिवाशांनी शहरावर खटला भरला. 1971 मध्ये न्यायाधीश डेमन कीथ यांनी निकाल दिला, की नूतनीकरणाच्या नावाखाली शहराने कृष्णवर्णीयांना जाणूनबुजून बाहेर काढलं आहे. अपिलं आणि वाटाघाटी चालू राहिल्या, 1980 मध्ये तडजोड झाली आणि शहराने उठवलेल्या कुटुंबांसाठी 200 घरं बांधायचं कबूल केलं. बांधकामाला खरा जोर आला तो 2000 नंतर, आणि ते संपत आलं 2010 च्या सुमाराला. खटला भरला तेव्हा ज्यांचं घर गेलं होतं, त्यातल्या कित्येकांच्या जागी त्यांच्या मुला-नातवंडांना किल्ल्या मिळाल्या.

या प्रकरणातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. 1968 या एकाच वर्षी डॉज मेनमध्ये कृष्णवर्णीय कामगारांनी ‘डॉज रिव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट’ काढली, कारण कारखान्यात सर्वांत जड आणि घाणेरडी कामं त्यांच्या वाट्याला येत होती आणि संघटना त्यांची बाजू घेत नव्हती. कारखान्याला ते हवे होते, गावाला नको होते. हॅमट्रॅमिकच्या बहुरंगी असण्याचं कौतुक करणारे लेख पोलिश चर्चपासून सुरू होऊन बंगाली दुकानांपर्यंत येतात आणि मधला हा चाळीस वर्षांचा खटला गाळून टाकतात. तो गाळला तर 2010 च्या तक्त्यातल्या त्या 19.3 टक्क्यांचा अर्थच लागत नाही.

कोर्टात एक, तक्त्यात दुसरं

आता परत येमेनींकडे. अरबांना ‘गोरे’ कुणी ठरवलं, हा प्रश्न थेट डेट्रॉइटच्या कोर्टात जातो. 1952 पर्यंत अमेरिकेत कायद्याने नागरिकत्वाला वंशाची अट होती. ‘गोरा’ किंवा आफ्रिकी वंशाचा असेल तरच परक्या माणसाला नागरिक होता यायचं (पुढेपुढे चिनी आणि भारतीयांसारख्या काही गटांना सूट मिळाली, पण ती अपवाद म्हणून). त्यामुळे आपण गोरे आहोत हे माणसांना कोर्टात सिद्ध करावं लागे. डिसेंबर 1942 मध्ये अहमद हसन या येमेनी माणसाचा अर्ज डेट्रॉइटच्या केंद्रीय न्यायालयाने फेटाळला. न्यायाधीश आर्थर टटल यांनी त्याच्या त्वचेचा गडद रंग पाहिला, तो मुस्लिम असल्याचं आणि त्यामुळे युरोपीय समाजात मिसळणार नसल्याचं नोंदवलं, आणि अरब हे गोरे नाहीत असं ठरवलं. दोन वर्षांनी, 1944 मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने दुसऱ्या एका अरबाच्या अर्जावर उलट निकाल दिला आणि अरब गोरे आहेत असं म्हटलं. पुढे सरकारी व्याख्येत हीच भूमिका पक्की झाली.

आपल्या लोकांनाही हा खेळ ओळखीचा आहे. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने भारतीय गोरे नाहीत असा निर्णय दिला. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. त्या निकालानंतर पंडितांचं स्वतःचं नागरिकत्व काढून घ्यायला सरकार निघालं होतं. ते लढले आणि त्यांनी ते टिकवलं. गंमत म्हणजे 1970 च्या जनगणनेत त्याच भारतीयांना गोऱ्यांत मोजलं गेलं, आणि 1980 पासून ‘एशियन इंडियन’ असा वेगळा चौकोन आला. तो आपोआप आला नाही. तिथल्या भारतीय संघटनांनी तो मागून घेतला, कारण गोऱ्यांच्या रकान्यात राहिलो तर भेदभावाविरुद्धच्या कायद्यांचा आणि योजनांचा उपयोग होणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आज ट्रॉय किंवा नोवायसारख्या डेट्रॉइटच्या उपनगरांत राहणारं, मोटार कंपनीत नोकरी करणारं मराठी कुटुंब आणि कोनंट अव्हेन्यूवरच्या भाड्याच्या घरातलं सिल्हेटी कुटुंब हे दोघंही तक्त्यात ‘आशियाई’. दोघांच्या परिस्थितीत काही साम्य नाही, पण निदान तो रकाना मागून घेतलेला आहे. येमेनींना तोही नव्हता.

2020 च्या जनगणनेचा फॉर्म बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘व्हाइट’ या चौकोनाखाली एक रिकामी ओळ दिली होती आणि उदाहरणं छापली होती ती अशी: जर्मन, आयरिश, इंग्लिश, इटालियन, लेबनीज, इजिप्शियन. सहांतले शेवटचे दोन शब्द वाचून येमेनी माणसाने समजून घ्यायचं की आपली जागा इथे आहे. आशियाईंच्या भागात चिनी, फिलिपिनो, भारतीय, व्हिएतनामी, कोरियन, जपानी यांना स्वतंत्र चौकोन होते. बांगलादेशींना ‘इतर आशियाई’वर खूण करून देशाचं नाव हाताने लिहायचं होतं. तरी त्यांनी लिहिलेलं ‘आशियाई’च्या बेरजेत गेलं. येमेनी माणसाने ‘येमेनी’ असं स्पष्ट लिहिलं तरी मुख्य तक्त्यात तो गोराच राहिला.

मतदान केंद्रावर

नोव्हेंबर 1999 च्या नगरपालिका निवडणुकीत हॅमट्रॅमिकच्या मतदान केंद्रांवर एका स्थानिक गटाची माणसं बिल्ले लावून उभी होती. मिशिगनच्या कायद्यात कुणाच्याही मताधिकारावर हरकत घेता येते. या लोकांनी हरकती घेतल्या त्या गडद वर्णाच्या आणि अरबी किंवा मुस्लिम वाटणाऱ्या नावांच्या मतदारांवर. आक्षेप असा की हे नागरिकच नसतील. काही मतदारांना तर मतदान केंद्रात शिरण्याआधीच गाठलं. ज्यांच्यावर हरकत आली त्यांना निवडणूक अधिकाऱ्यांनी नागरिकत्वाची शपथ घ्यायला लावली. काहींनी अमेरिकन पासपोर्ट दाखवला, तरी शपथ चुकली नाही. मत न देताच परत गेलेलेही त्यांत होते. गोऱ्या दिसणाऱ्या मतदारांवर अशी हरकत आली नाही.

म्हणजे जनगणनेच्या कागदावर गोरे असलेले येमेनी दारात उभे राहिल्यावर गोरे राहिले नाहीत. 1942 च्या कोर्टाने जी नजर लावली तीच 1999 च्या हरकतदारांनी लावली: रंग आणि धर्म. केंद्रीय न्याय खात्याने शहरावर कारवाई केली आणि 2000 मध्ये संमतीचा हुकूम, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला कोर्टाचा आदेश, झाला. शहराला अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं लागलं, केंद्रांवर अरब आणि बंगाली निवडणूक निरीक्षक नेमावे लागले, आणि केंद्र सरकारने आपले निरीक्षकही पाठवले. पुढच्या घडामोडी भराभर झाल्या. 2003 मध्ये शहाब अहमद हे नगरपरिषदेवर निवडून आलेले पहिले बांगलादेशी-अमेरिकन ठरले. 2004 मध्ये अल-इस्लाह मशिदीच्या भोंग्यावरून अजान द्यायला परिषदेने परवानगी दिली, त्यावर देशभर गदारोळ झाला, शहरात सार्वमत घेतलं आणि परवानगी टिकली. 2015 मध्ये परिषदेत मुस्लिम सदस्यांचं बहुमत झालं. 2021 मध्ये येमेनमध्ये जन्मलेले आमेर घालिब यांनी सोळा वर्षं महापौर असलेल्या कॅरेन माजेव्स्की यांचा पराभव केला, आणि सगळी परिषद मुस्लिम झाली.

बातम्यांत तेव्हापासून हॅमट्रॅमिक म्हणजे ‘मुस्लिम बहुसंख्य शहर’. या विशेषणाला जनगणनेचा आधार नाही, कारण अमेरिकन जनगणना धर्म विचारत नाही. शिवाय गोऱ्यांच्या रकान्यात जी चूक होते तीच या विशेषणातही होते. येमेनी आणि बांगलादेशी यांची भाषा वेगळी, मशिदी बहुधा वेगळ्या, निवडणुकीतले उमेदवार वेगळे. बोस्नियन आणि कृष्णवर्णीय मुस्लिम आणखी निराळे. 2023 मध्ये परिषदेने सरकारी जागांवर समलिंगी समाजाचा इंद्रधनुषी झेंडा लावायला बंदी घातली तेव्हा ज्यांनी आधी या स्थलांतरितांच्या बाजूने उभं राहून भांडणं अंगावर घेतली होती ते रहिवासी दुखावले, आणि ते मला रास्त वाटतं. त्याच ठरावात कुठले झेंडे चालतील त्याची यादी आहे: अमेरिकेचा, राज्याचा, शहराचा, युद्धकैद्यांच्या स्मरणाचा, आणि शहराचं आंतरराष्ट्रीय स्वरूप दाखवणारे देशांचे. स्वतःची ओळख सांगायची वेळ आली तेव्हा हॅमट्रॅमिकने वंशांचा आधार घेतला नाही, देशांचा घेतला.

एक भाषा छापली जाते, दुसरी नाही

रकान्याचा सर्वांत रोखठोक परिणाम मतपत्रिकेवर होतो. अमेरिकेच्या मतदान हक्क कायद्यात 1975 साली कलम 203 घातलं गेलं. एखाद्या भाषिक अल्पसंख्याक गटातले, इंग्रजी नीट न येणारे प्रौढ नागरिक त्या भागात पाच टक्क्यांहून जास्त असतील आणि साक्षरतेची अट पुरी होत असेल, तर तिथे मतदानाचं सगळं साहित्य त्यांच्या भाषेत द्यावंच लागतं. मिशिगनमध्ये निवडणुका शहर पातळीवर घेतल्या जात असल्याने हे मोजमापही शहरानुसार होतं. 2011 मध्ये जनगणना विभागाने हॅमट्रॅमिकमध्ये बंगाली बंधनकारक केली. त्यामुळे एवढ्याशा शहरात केंद्रीय कायद्याच्या जोरावर बंगालीतून मतपत्रिका आल्या.

अरबीसाठी हे मोजमाप झालंच नाही. इंग्रजी न येणाऱ्या येमेनी नागरिकांची संख्या पुरेशी होती की नव्हती, हा प्रश्नच कायदा विचारत नाही. कलम 203 चं संरक्षण फक्त चार गटांना आहे: अमेरिकन इंडियन, अलास्काचे मूळ रहिवासी, आशियाई आणि स्पॅनिश वारशाचे लोक. अरब त्यात नाहीत, ते गोऱ्यांत धरले गेले. एकाच गल्लीत शेजारी राहणाऱ्या दोन आजी, एक सिल्हेटची आणि एक येमेनमधल्या इब्बची, दोघी नागरिक, दोघींना इंग्रजी वाचता येत नाही. पहिलीला तिच्या लिपीत मतपत्रिका मिळणं हा हक्क, दुसरीला मिळाली तर ती शहराची मर्जी. जवळच्या डिअरबॉर्नच्या परिषदेने 2022 मध्ये स्वतःहून अरबी मतपत्रिकांचा निर्णय घेतला. पण जे ठरावाने मिळतं ते पुढच्या ठरावाने जाऊही शकतं.

मतपत्रिका हे ठळक उदाहरण झालं. शाळा, दवाखाने, रोजगार यांची सरकारी आकडेवारी याच वर्गवारीवर बेतलेली असते. येमेनी मुलांच्या शाळेतल्या अडचणी किंवा येमेनी बायकांच्या आरोग्याचे प्रश्न गोऱ्यांच्या सरासरीत विरघळतात. छोट्या शहराची आणखी एक अडचण आहे. जनगणना विभागाचं दरवर्षीचं नमुना सर्वेक्षण 65,000 हून कमी वस्तीच्या ठिकाणांसाठी एका वर्षाचे सविस्तर आकडे देत नाही, पाच वर्षांची सरासरी देतं. जिथे माणसं इतक्या वेगाने येतात तिथे पाच वर्षांची सरासरी म्हणजे शिळी माहिती. 2020 मध्ये हॅमट्रॅमिकची लोकसंख्या 28,433 झाली, दहा वर्षांत सुमारे 27 टक्के वाढ.

मार्च 2024 मध्ये वर्गवारीत अखेर बदल जाहीर झाला. ‘मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिकी’ हा स्वतंत्र गट आला, आणि वंश व हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश वारशाचं) मूळ यांचे दोन वेगळे प्रश्न एकत्र करायचं ठरलं. अरब-अमेरिकन संस्था कित्येक वर्षं यासाठी झगडत होत्या आणि हे त्यांचं खरं यश आहे. नव्या नमुन्यात त्या गटाखाली लेबनीज, इराणी, इजिप्शियन, सिरियन, इराकी, इस्रायली असे सहा चौकोन आहेत. येमेनींना इथेही हाताने लिहायचंय, पण निदान आता ते लिहिलेलं त्यांच्या स्वतःच्या गटाच्या बेरजेत जाईल. 2030 च्या जनगणनेत हा नमुना वापरला गेला तर हॅमट्रॅमिकमधले गोरे एका रात्रीत एकदम घटलेले दिसतील. एकाही माणसाने गाव सोडलेलं नसेल.

कलम 203 मधली चार गटांची यादी मात्र या बदलाने हलत नाही. ती कायद्यात लिहिलेली आहे, आणि तिच्यात पाचवं नाव घालायचं तर ते काँग्रेसला, म्हणजे अमेरिकन संसदेलाच घालावं लागेल. तोपर्यंत येमेनी वेगळे मोजले जातील, अरबी बोलणाऱ्यांचा आकडाही समोर असेल, आणि तरीही हॅमट्रॅमिकवर केंद्रीय कायद्याने बंधन राहील ते बंगालीचंच.